शिकणाऱ्या मुलांचे खोलीभाडे

मंडळी, दहावी झालेली मुले पुढे शिकायला शहरात जातात. सरकारी वसतिगृहात सगळ्यांना जागा मिळत नाही. मग खोली घ्यावी लागते. भाडे परवडेना, म्हणून शाळा सोडून परत आलेली पोरे आम्ही पाहिली आहेत.

अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध मुलामुलींसाठी राज्य सरकारची डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. ती २०१६-१७ साली सुरू झाली. तेव्हा मुंबई-पुण्यात शिकणाऱ्याला वर्षाला ६०,००० रुपये ठरले. त्यांत जेवणाचे ३२,००० आणि राहण्याचे २०,०००. पैसे मुलाच्याच बँक खात्यात जमा होतात.

वसतिगृहाच्या यादीत नाव नसले, तर गप्प बसू नका. जातीचा व उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा. समाजकल्याण कचेरीत जाऊन विचारा. ही भीक नव्हे, हक्काची मदत आहे. आणि हो, पोरींनाही पाठवा!