याल्टाची रेघ आणि वळिवड्याच्या बायका
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



दुसऱ्या महायुद्धाचे नाव काढले की हिटलर आठवतो, हिरोशिमा आठवते. मी आज बोलणार आहे ते जिंकणाऱ्यांच्या आपसांतल्या तेढीविषयी. तिची झळ थेट कोल्हापूरजवळच्या वळिवड्यापर्यंत पोचली होती.

१९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या छावणीत सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहत होते. बहुतेक बायका आणि मुलेच. १९३९ साली हिटलर व स्टालिन यांनी पोलंड वाटून घेतला आणि पूर्वेकडच्या या लोकांना रशियनांनी सैबेरियात, कझाकस्तानात नेऊन टाकले. १९४१ मध्ये हिटलर रशियावरच उलटला, तेव्हा त्यांची सुटका झाली. इराणमार्गे ती इकडे आली. युद्ध संपले की घरी जायचे, या भरवशावर त्यांनी इथे मुलांच्या शाळा चालवल्या.

घराचा निकाल मात्र भलतीकडेच लागत होता. १९४३ च्या अखेरीस तेहरानच्या बैठकीत चर्चिलसाहेबांनी आगपेटीतल्या तीन काड्या सरकवून दाखवल्या: पोलंडचा पूर्वेकडचा मुलूख रशियाला द्यायचा आणि पोलंडला तेवढी भरपाई जर्मनीच्या जमिनीतून. बिऱ्हाडातले कपाट सरकवावे तसा अख्खा देश! पुढे १९४५ च्या फेब्रुवारीत, ४ ते ११ तारखांना, क्रिमियातल्या याल्टा गावी रूझवेल्ट, चर्चिल आणि स्टालिन बसले आणि हा सौदा पक्का झाला. सरहद्दीला नाव कर्झन रेषा. होय, बंगालची फाळणी करणारे तेच कर्झन! लंडनमध्ये पोलंडचे सरकार होते. त्याला बोलावणेसुद्धा नव्हते.

रूझवेल्ट भोळे, ते फसले, असे पुष्कळजण म्हणतात. मला ते पटत नाही. त्यांना जपानशी लढायला रशिया हवा होता. आणि रशियन फौजा तर जानेवारीतच वॉर्सात शिरल्या होत्या. ज्याचे सैन्य तिथे उभे, त्याला हलवणार कोण? स्टालिननी मोकळ्या निवडणुकांचा शब्द दिला. १९४७ च्या जानेवारीत निवडणुका झाल्या, पण त्यांत मोकळे काही नव्हते. त्याआधीच, १९४५ च्या जुलैत, इंग्लंड-अमेरिकेने लंडनच्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली होती.

आणि याच दोस्तांच्या बाजूने पोलिश सैनिकांनी १९४४ च्या मे महिन्यात इटलीत मोंते कासिनोचा डोंगर सर केला होता! वळिवड्यातल्या कित्येकींची माणसे त्या सैन्यात होती. बाहेर एकदिलाने लढाई आणि आत वाटणीचा हिशेब, दोन्ही एकाच वेळी चालले होते.

वळिवड्यातल्या बहुतेकींचे घर आता रशियाच्या हद्दीत गेले. थोड्या पोलंडला परतल्या; बाकीच्या इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, जिथे आसरा मिळेल तिथे गेल्या. १९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली आणि त्याच बराकींत सिंधहून आलेली, दुसऱ्या एका रेघेने बेघर केलेली कुटुंबे उतरली. तेच आजचे गांधीनगर.