उदरावरणाचा कर्करोग आणि ‘गरम’ औषधाची भुरळ



जठर, आतडी, यकृत यांवरून आणि पोटाच्या भिंतीच्या आतील बाजूने एक पातळ पडदा पसरलेला असतो. अंडाशयाचा वा मोठ्या आतड्याचा कर्करोग पुष्कळदा या उदरावरणावर पसरतो. शिरेतून दिलेले औषध तेथवर पुरेसे पोचत नाही. म्हणून शल्यविशारद आधी दिसतील तेवढ्या गाठी काढतात आणि मग ४१ ते ४३ अंशांपर्यंत तापवलेले औषध पंपाने पोटात तासभर, कधी दीड तास खेळवतात. अमेरिकेत जॉन स्प्रॅट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली या उपचाराचा पहिला वृत्तांत प्रसिद्ध केला.

गुण किती? २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या डच चाचणीत अंडाशयाच्या तिसऱ्या अवस्थेतील कर्करोगाच्या २४५ स्त्रिया होत्या. केवळ शस्त्रक्रिया झालेल्यांचे मध्यम आयुर्मान ३३.९ महिने, गरम औषधही मिळालेल्यांचे ४५.७ महिने निघाले. वर्षभराचे आयुष्य ही लहान गोष्ट नव्हे. परंतु आतड्याच्या कर्करोगाच्या २६५ रुग्णांवरील फ्रेंच चाचणीने २०२१ साली वेगळेच सांगितले: ४१.२ आणि ४१.७ महिने. फरक जवळजवळ नाहीच. उलट दोन महिन्यांनंतरची गंभीर गुंतागुंत गरम औषधाच्या गटात अधिक. तेथे आयुष्य वाढवले ते सुरीने, उष्णतेने नव्हे.

हा भेद कोणी समजावून सांगत नाही, तेव्हा डोंबिवलीतील चाळीतली खोली विकायला निघते. महिनोन्‌महिने पोट फुगते, भूक मंदावते, आणि बाईला आम्लपित्ताच्या गोळ्या मिळत राहतात. निदान होईतो रोग पोटभर पसरलेला असतो. मग कल्याणहून परळच्या टाटा रुग्णालयाची लोकल धरायची, तीही गर्दीच्या वेळी! ठाणे व कल्याण-डोंबिवली महापालिकांच्या दवाखान्यांत अशा बाईची सोनोग्राफी पहिल्याच महिन्यात व्हावी, ही मागणी यंत्रापेक्षा स्वस्त आणि अधिक निकडीची आहे.

रुग्णाच्या नातेवाइकांसोबत जाणाऱ्या कार्यकर्त्याने डॉक्टरांना विचारावे: रोग मूळ कोणत्या अवयवाचा? सगळ्या गाठी निघण्याजोग्या आहेत काय? अशा किती शस्त्रक्रिया येथे झाल्या? आणि अतिदक्षता विभागातील मुक्काम लांबला, तर बिल कोण भरणार?