कांचनगंगा : शिखराच्या अलीकडे

(शताब्दी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा लिखित पाठ)



जगातील तिसऱ्या क्रमांकाचे उंच शिखर मराठी वाचकाला ‘कांचनगंगा’ या नावाने परिचित आहे. प्रातःकाळच्या किरणांनी सोन्यासारखे उजळणारे हिम डोळ्यांपुढे उभे करणारा हा संस्कृत वळणाचा शब्द इतका चपखल बसला, की मूळ नाव त्याच्या आड झाकले गेले. मूळ नावात कांचनही नाही आणि गंगाही नाही. तिबेटी भाषेत ‘कांग’ म्हणजे हिम, ‘छेन’ म्हणजे थोर, ‘झो’ म्हणजे खजिना आणि ‘ङा’ म्हणजे पाच. थोर हिमाचे पाच खजिने, असा त्याचा अर्थ. पर्वताची पाच शिखरे हेच ते पाच खजिने. त्यांत मीठ, सुवर्ण व रत्ने, धर्मग्रंथ, शस्त्रे आणि धान्य व औषधी साठवलेली आहेत, अशी सिक्कीममधील परंपरागत श्रद्धा आहे. ज्या समाजाने आपल्या देवाच्या भांडारात सोन्याच्या जोडीला ग्रंथही ठेवले, त्या समाजाच्या पर्वताची कथा शंभर वर्षे ग्रंथ सांभाळणाऱ्या या वास्तूत सांगितली जावी, हे उचितच होय.

सिक्कीमच्या दृष्टीने हा पर्वत राज्याचा रक्षणकर्ता देव आहे. लेपचा आणि भुतिया या दोन समाजांनी बंधुत्वाची शपथ घेतली तेव्हा याच पर्वताला साक्षी ठेवले, असे मानले जाते आणि ‘पांग ल्हाबसोल’ या उत्सवात आजही त्याची पूजा होते. पर्वत तोच, परंतु पायथ्याशी राहणाऱ्यांना तो देव आणि दुरून येणाऱ्यांना ते जिंकण्याचे शिखर. या दोन दृष्टींमधील ताण हे कांचनगंगेच्या इतिहासाचे मुख्य सूत्र आहे.

नेपाळ आणि सिक्कीम यांच्या सीमेवरील या शिखराची उंची ८,५८६ मीटर आहे. दार्जिलिंगहून ते उघड्या डोळ्यांनी दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तेच जगातील सर्वोच्च शिखर समजले जाई. पुढे भारतीय सर्वेक्षण विभागाच्या गणिताने ‘पंधरावे शिखर’ त्याहून उंच ठरवले, १८५६ मध्ये तसे जाहीर झाले आणि एव्हरेस्ट हे नाव जगाच्या जिभेवर आले. कांचनगंगेचे पहिले स्थान गेले, पण दुर्गमता गेली नाही. १८९९ साली डग्लस फ्रेशफील्ड याने सहकाऱ्यांसह या संपूर्ण पर्वतसमूहाची प्रदक्षिणा केली. त्याच्यासोबत व्हित्तोरियो सेल्ला हा इटालियन छायाचित्रकार होता. पर्वताला वळसा घालून त्याचे सर्व अंगांनी दर्शन घेणारी ही मोहीम पुढील गिर्यारोहकांना मोठीच उपयोगी पडली.

शिखरावर जाण्याचा पहिला गंभीर प्रयत्न १९०५ चा. स्विस डॉक्टर ज्यूल जाको-गिलार्मो आणि इंग्रज गिर्यारोहक ॲलिस्टर क्रॉली हे त्याचे पुढारी. नैर्ऋत्येच्या यालुंग हिमनदीकडून ही तुकडी चढू लागली. वर जाता जाता मतभेद विकोपाला गेले आणि १ सप्टेंबर रोजी काही जण सायंकाळच्या वेळी खाली उतरू लागले. उतरताना घसरण झाली, हिमस्खलन झाले आणि ॲलेक्सिस पाश हा तरुण स्विस आणि तीन भारवाहक त्याखाली गाडले गेले. मदतीच्या हाका ऐकूनही क्रॉली त्या रात्री तंबूतून बाहेर पडला नाही. पाशचे नाव इतिहासात राहिले; बहुतेक ग्रंथांत भारवाहकांची नोंद ‘तीन भारवाहक’ एवढीच आहे.

दोन महायुद्धांच्या दरम्यान जर्मन गिर्यारोहक या पर्वताकडे वळले. पाउल बाउअर याच्या तुकडीने १९२९ साली झेमू हिमनदीकडून ईशान्येची धार धरली. बर्फाचे मनोरे तासून वाट करीत ते सुमारे ७,४०० मीटरपर्यंत पोहोचले. तेथे वादळाने त्यांना गाठले. कंबरेहून अधिक खोल बर्फातून माघार घेत सर्व जण जिवंत परतले. गिर्यारोहणाच्या जाणकारांनी त्या माघारीचा चढाईइतकाच गौरव केला. १९३१ साली बाउअर पुन्हा आला. या वेळी हेर्मान शालर आणि पासांग हा शेर्पा असे दोघे कड्यावरून कोसळून मृत्यू पावले. तुकडी पुढे अधिक उंचीवर गेली, परंतु शिखर दूरच राहिले.

त्याआधी, १९३० साली, गुंटर डिरेनफुर्ट याच्या नेतृत्वाखाली एक आंतरराष्ट्रीय तुकडी नेपाळच्या बाजूने वायव्येकडून गेली होती. ९ मे रोजी माथ्यावरच्या हिमकड्याचा प्रचंड तुकडा निखळला आणि चेत्तान या अनुभवी शेर्प्याचा अंत झाला. इंग्रज गिर्यारोहक फ्रँक स्माइद या मोहिमेत होता आणि त्याने तिचा वृत्तांत ग्रंथरूपाने लिहिला. चेत्तानचा काही दोष नव्हता. तो अनुभवात उणा नव्हता की निष्काळजी नव्हता. कोसळणाऱ्या बर्फाच्या वाटेत तो होता, एवढेच.

कांचनगंगेचे धोके समजून घेताना हा भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. काही संकटे सर्वस्वी पर्वताची असतात. हे शिखर आठ हजार मीटरांवरील चौदा शिखरांपैकी सर्वांत पूर्वेकडचे. बंगालच्या उपसागरावरून येणारे बाष्प येथे लवकर पोहोचते. त्यामुळे हिमवृष्टी भरपूर होते आणि उतारांवर ताज्या बर्फाचा भार साचतो. लोंबते हिमकडे ऊन, वारा आणि स्वतःचे वजन यांनी केव्हा तुटतील, याचा नेम नसतो. हिमनदीतील भेगा वरच्या कोवळ्या बर्फाने झाकलेल्या असतात. पाऊल पडल्यावरच त्यांची खोली कळते.

दुसरी संकटे मनुष्याच्या शरीरात निर्माण होतात. शिखराजवळ हवेचा दाब इतका कमी असतो, की प्रत्येक श्वासातून समुद्रसपाटीच्या सुमारे एक-तृतीयांश प्राणवायू मिळतो. रक्त दाटते, बोटे गोठतात, भूक आणि झोप नाहीशी होते. फुप्फुसांत पाणी साचू लागले, की चांगला धडधाकट माणूस काही तासांत असहाय होतो. मेंदूला सूज आली, तर चालणे अडखळते, बोलणे तुटते. कांचनगंगेवर अखेरच्या छावणीपासून माथ्यापर्यंतचे अंतर लांब असल्याने या हवेत फार वेळ काढावा लागतो.

तिसरे संकट मनाचे. प्राणवायूच्या अभावी विचार मंदावतो. नेमक्या त्याच वेळी सर्वांत कठीण निर्णय घ्यावा लागतो : पुढे जायचे की परतायचे? शिखर समोर दिसत असते. वर्षांची तयारी, पैसा, कीर्ती सारे पुढे ओढत असते. आणि उतरण्यासाठी लागणारी शक्ती चढण्यात खर्च होत असते.

१९५५ च्या ब्रिटिश मोहिमेचे महत्त्व या पार्श्वभूमीवर कळते. तिचा नेता चार्ल्स एव्हन्स हा शल्यचिकित्सक होता. दोन वर्षांपूर्वी, २६ मे १९५३ रोजी, तो आणि टॉम बूर्डिलाँ एव्हरेस्टच्या दक्षिण शिखरावर पोहोचले होते. मुख्य शिखर सुमारे शंभर मीटर वर राहिले होते. परंतु वेळ टळत होती आणि एव्हन्सचे प्राणवायूचे उपकरण त्रास देत होते. पुढे गेलो तर परतणे होणार नाही, हे ओळखून दोघे मागे वळले. तीन दिवसांनी तेनसिंग आणि हिलरी यांनी शिखर गाठले आणि जगाने त्यांचा जयजयकार केला. असा परत फिरलेला माणूस कांचनगंगेच्या मोहिमेचा नेता झाला.

परवानगी नेपाळची होती. परंतु पवित्र शिखरावर परक्यांनी पाय ठेवावा, हे सिक्कीमच्या राजदरबाराला मान्य नव्हते. एव्हन्सने वचन दिले : शिखर गाठता येईल अशी खात्री झाली, की तुकडी तेथेच थांबेल, माथा आणि त्याचा निकटचा परिसर अस्पर्श राहील. मोहिमेचा जाहीर हेतूही केवळ मार्गाची पाहणी करण्याचा होता. यालुंगच्या बाजूने, १९०५ ची तुकडी जेथे फसली त्याच अंगाने, वाट काढत तुकडी वर सरकली. २५ मे १९५५ रोजी जो ब्राउन आणि जॉर्ज बँड हे दोघे शेवटच्या चढाईला निघाले. ब्राउन मँचेस्टरच्या कामकरी वर्गातला, तर बँड केंब्रिजचा पदवीधर. शिखराच्या थोडे खाली त्यांच्यासमोर एक उभा खडक आला. त्यातील चिरेत हात-पाय रोवून, मैदानी कड्यांवर कमावलेले कौशल्य आठ हजार मीटरांवर पणाला लावून, ब्राउन वर गेला. खडक संपला आणि काही पावलांवर, जेमतेम दीड मीटर उंच, बर्फाचा निमुळता माथा दिसला. आता कोणताही अडथळा उरला नव्हता. दोघे तेथेच थांबले. दुसऱ्या दिवशी नॉर्मन हार्डी आणि टोनी स्ट्रीदर आले, तेही थांबले.

त्या क्षणी तेथे पाहणारा तिसरा कोणी नव्हता. वचन मोडले असते, तर ते सिद्ध करणेही कठीण होते. तरीही ते पाळले गेले. याच मोहिमेत पेमी दोर्जे या शेर्प्याला मृत्यू आला, हेही या यशाच्या हिशेबात मांडले पाहिजे.

पुढे ही प्रथा बनली. १९७७ साली कर्नल नरेंद्रकुमार यांच्या नेतृत्वाखाली भारतीय सैन्याच्या तुकडीने, बाउअरला जी ईशान्येची धार दाद देत नव्हती, ती सर केली. मेजर प्रेमचंद आणि नाईक एन. डी. शेर्पा यांनीही माथ्याचा मान राखला. १९७९ साली डग स्कॉट, पीटर बोर्डमन आणि जो टास्कर उत्तरेकडून कृत्रिम प्राणवायूविना चढले आणि तसेच थांबले. सर्वांनीच ही मर्यादा पाळली, असे मात्र नाही. अखेर सिक्कीम सरकारने २००१ साली आपल्या बाजूने या शिखरावर चढण्यास मनाई केली. २०१६ साली कांगचेनझोंगा राष्ट्रीय उद्यान जागतिक वारसास्थळ ठरले, ते तेथील निसर्ग आणि श्रद्धा अशा दोन्ही कारणांनी.

धोके मात्र कमी झाले नाहीत. ११ जानेवारी १९८६ रोजी येर्झी कुकुच्का आणि क्शिश्तोफ व्येलित्स्की या पोलिश गिर्यारोहकांनी हे शिखर प्रथमच हिवाळ्यात गाठले; त्याच मोहिमेत त्यांचा सहकारी आंद्रे चोक फुप्फुसांच्या विकाराने वरच्या छावणीत मरण पावला. १९९२ च्या मे महिन्यात वांदा रुत्कियेविच येथे नाहीशी झाली. एव्हरेस्टवर पोहोचलेली पहिली युरोपीय स्त्री आणि के-टू सर करणारी जगातील पहिली स्त्री असा तिचा लौकिक होता. शिखरावरून उतरणाऱ्या कार्लोस कार्सोलियो या मेक्सिकन सहकाऱ्याला ती आठ हजार मीटरांहून अधिक उंचीवर, थकलेल्या स्थितीत, रात्र काढण्याच्या तयारीत भेटली. उतरायला तिने नकार दिला. त्यानंतर ती कोणालाही दिसली नाही. तिच्या धैर्याबद्दल शंका घेण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण धैर्य आणि निवड यांचे नाते किती बिकट असते, हे तिच्या अंतातून कळते.

मराठी मनाला या इतिहासातील एक पान जवळचे आहे. २०१९ च्या मे महिन्यात पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ संस्थेच्या दहा गिर्यारोहकांनी नेपाळच्या बाजूने कांचनगंगेवर यशस्वी चढाई केली. सह्याद्रीच्या कातळावर घडलेल्या पावलांचे हे यश खचितच अभिमानास्पद आहे. मात्र त्याच सुमारास त्याच उतारावर पश्चिम बंगालचे दोन गिर्यारोहक मृत्यू पावले. पर्वताच्या लेखी मराठी आणि बंगाली असा भेद नसतो. आपल्या लेखीही त्या दिवसांची आठवण दहांच्या आनंदाबरोबर दोघांच्या शोकाचीही असावी.

गिर्यारोहणाचा इतिहास साधारणतः शिखरावर पोहोचलेल्यांच्या नावांनी लिहिला जातो. कांचनगंगेचा इतिहास तसा लिहिला, तर तो अपुरा ठरेल. त्यात चेत्तान, पासांग आणि पेमी दोर्जे यांची नावे हवीत. १९०५ च्या त्या तीन भारवाहकांसाठी निदान एक मोकळी ओळ हवी. वादळातून सर्वांना परत आणणारी १९२९ ची माघार हवी. आणि खडकाच्या माथ्यावर, काही पावले राखून, उभे राहिलेले ते दोघे हवेत. शिखर त्यांच्या आवाक्यात आले होते. दुसऱ्याच्या देवघराच्या उंबरठ्याशी आपण पादत्राणे काढतो, तितक्याच सहजतेने ते तेथून खाली उतरू लागले.