विवाहाचे वय आणि स्त्रीचा उद्योग



आजचा विषय पत्रिकेवर वाचून एका स्नेह्यांनी मला वाटेतच अडवले. म्हणाले, "ह्या दोन गोष्टींचा संबंध काय? पापड लाटायला काय वय लागते?" पापड लाटायला वय लागत नाही हे खरे, पण पापडाचा धंदा स्वतःच्या नावाने करायला लागते.

आपल्या कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील व्यक्ती अज्ञान. तिने केलेला करार मुळातच रद्द. विवाहाच्या वयाचा हिशेब मात्र निराळा होता. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीसाठी ते १४ ठरवले, १९४९ साली ते १५ झाले आणि १८ व्हायला १९७८ साल उजाडले. म्हणजे तोवर पंधरा वर्षांची मुलगी संसार करण्यास लायक, आणि शंभर रुपयांच्या कर्जरोख्यावर सही करण्यास नालायक! कायदा करणाऱ्यांना ह्यात काही विसंगत वाटले नाही, कारण स्त्री कधी सही करील हेच त्यांच्या मनात आले नसावे.

आता दोन्ही वये जुळली आहेत, निदान कागदावर. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वयाच्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे तेवीस जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. आपण प्रगत म्हणवतो त्या महाराष्ट्रात हा आकडा बाविसाच्या आसपास होता.

असे का होते? आईबाप निर्दय असतात म्हणून नव्हे. बीड जिल्ह्याकडे पाहा. दसरा सरला की तेथील हजारो कुटुंबे ऊसतोडीला निघतात. मुकादम उचल देतो ती माणसाला नव्हे, 'कोयत्याला'. आणि कोयता म्हणजे जोडपे. नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहून गाडीत चढवते. एकटा गडी हा अर्धा कोयता. तेव्हा मुलाचे लग्न झाले की घरातला कोयता पुरा होतो. इकडे मुलीच्या बापापुढे वेगळा पेच असतो. पाच-सहा महिने गाव सोडायचे, वयात आलेली पोर कोणाच्या भरवशावर ठेवायची? दोन्ही बाजूंच्या अडचणी मांडवात एकत्र येतात. ती मुलगी सोळाव्या वर्षापासून उरापोटी कष्ट करते. पण उचल नवऱ्याच्या हातात, हिशेब मुकादमाच्या वहीत. तिच्या श्रमाला किंमत आहे, तिच्या नावाला नाही. जेथे हंगामी वसतिगृह नीट चालते तेथे मुलगी मागे राहून शाळा पुरी करू शकते. मला विचाराल तर मोठ्या भाषणांपेक्षा ह्या वसतिगृहांतल्या ताटाची आणि दाराच्या कडीची काळजी अधिक मोलाची आहे.

पंधरा ते वीस ह्या वर्षांतच माणूस हिशेब शिकतो, एकटा बाजारात जातो, भाव विचारून परत फिरायला शिकतो. ती वर्षे चुलीपुढे गेली की उद्योगही चुलीजवळचाच सुचतो. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले, त्यातून 'लिज्जत' उभे राहिले. पीठ घरी न्यायचे, पापड आणून द्यायचे, ही त्यांची रीत घर सोडू न शकणाऱ्या बाईला अचूक सोयीची होती. मी त्या भगिनींपुढे नम्र आहे. पण ती सोय का लागली, हेही विचारले पाहिजे.

मुलींचे वय २१ करण्याचे विधेयक २०२१ च्या डिसेंबरात लोकसभेत आले होते. २०२४ साली ती लोकसभा विसर्जित होताच तेही संपले. मला त्याची फारशी हळहळ नाही. जेथे अठराच पाळले जात नाही तेथे एकवीस लिहून काय साधणार?

शेवटी साताऱ्याच्या माण तालुक्यातली हकीकत सांगतो. म्हसवडच्या स्त्रियांनी चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने स्वतःची सहकारी बँक काढायचे ठरवले. पहिला अर्ज नामंजूर झाला, कारण प्रवर्तक म्हणून अंगठे उठवणाऱ्या बायका होत्या. त्या घरी बसल्या नाहीत. अक्षरे गिरवायला बसल्या, आणि पुन्हा रिझर्व्ह बँकेच्या दारात गेल्या. बसून व्याजाचा हिशेब मात्र त्यांना आधीपासून तोंडी येत होता. १९९७ साली परवाना मिळाला.

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले आहे, मी थांबतो.