फडाचे शौकीन

कलेची आवड असणें ही एक गोष्ट आणि एखाद्या कलापथकाशीं जन्माचें नातें जोडणें ही अगदीं निराळी गोष्ट होय. नुसती आवड असलेला मनुष्य कार्यक्रम चांगला असेल तर जातो, नसेल तर घरीं बसतो. दुसऱ्या प्रकारचा मनुष्य जातोच. कार्यक्रम रंगला तर त्याला आपलाच सत्कार झाल्यासारखें वाटतें. बिघडला तर घरांतील मुलगा परीक्षेंत नापास झाल्याप्रमाणें तो दोन दिवस कोणाशीं धड बोलत नाहीं. पाश्चात्य देशांत ही निष्ठा रॉक संगीताच्या वाद्यवृंदांच्या वाट्यास आलेली आहे. लंडनमध्यें १९६२ सालीं उभ्या राहिलेल्या रोलिंग स्टोन्स या वृंदाचे चाहते साठ वर्षें उलटलीं तरी त्याला सोडावयास तयार झाले नाहींत. अमेरिकेंतील ग्रेटफुल डेड या वृंदामागें तर १९६५ पासून १९९५ पर्यंत, तीस वर्षें, लोकांचे तांडे गांवोगांव फिरत होते. ही हकीकत ऐकून शहरांतील सुशिक्षित गृहस्थास नवल वाटतें. परंतु पुण्यापासून मोटारीनें दोन तासांच्या वाटेवर, शिरूर आणि दौंड या तालुक्यांत, हीच निष्ठा पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलेली आहे. तेथें तिचा विषय आहे तमाशाचा फड.

भीमा नदी या दोन तालुक्यांच्या मधून वाहते. उत्तरेस शिरूर, म्हणजे जुन्या लोकांची घोडनदी, दक्षिणेस दौंड. शिरूरहून न्हावऱ्यावरून निघालेला रस्ता पारगांवापाशीं भीमा ओलांडतो आणि केडगांवावरून चौफुल्यास पुणें-सोलापूर रस्त्याला मिळतो. या रस्त्याच्या आजूबाजूस पूर्वीं बहुतेक ज्वारी-बाजरीचींच रानें होतीं. कालव्यांचें पाणी आलें तेथें ऊस झाला, न्हावरें आणि पाटस येथें साखर कारखाने उभे राहिले. पीक बदललें, घरें बदललीं, बैलगाडीच्या जागीं ट्रॅक्टर आला. परंतु जत्रेच्या रात्रीं देवाचा छबिना निघाल्यावर तमाशा उभा राहिला पाहिजे, हा गांवकऱ्यांचा आग्रह फार काळ बदलला नाहीं.

फडाचें वर्ष दसऱ्यास सुरू होतें आणि वैशाखी पौर्णिमेच्या सुमारास संपतें. मधले सातएक महिने फड गांवोगांव हिंडतो. पावसाळ्यांत कलावंत आपापल्या घरीं जातात. चैत्र-वैशाखांतील जत्रांचा हंगाम तोंडाशीं आला म्हणजे जुन्नर तालुक्यांतील नारायणगांव येथें फडमालकांच्या राहुट्या पडतात. प्रत्येक राहुटीवर फडाच्या नांवाची पाटी असते, आंत व्यवस्थापक वही उघडून बसलेला असतो, आणि दूरदूरच्या गांवांचे पंच सुपारी देण्यासाठीं या राहुटींतून त्या राहुटींत हिंडत असतात. सुपारी म्हणजे करार. तिथि, रक्कम आणि विसार तेथेंच ठरतो. या पंचमंडळींत सरपंच असतो, देवस्थानचा कारभारी असतो, आणि ज्याला गांवांत कसलाहि अधिकार नाहीं असा एक मनुष्य हटकून असतो. तो त्या गांवचा शौकीन. बाकीचे पंच रकमेची घासाघीस करीत असतात, तेव्हां हा एकच प्रश्न विचारतो: यंदा ढोलकीवर कोण आहे? उत्तर मनासारखें आलें नाहीं तर तो उठून राहुटीबाहेर जातो, आणि पुष्कळदां पंचहि त्याच्या मागोमाग बाहेर पडतात.

या प्रश्नांत जितकी भक्ति आहे तितकेंच ज्ञान आहे. ढोलकी-फडाच्या तमाशाची मांडणी ठरलेली असते. आरंभीं गणपतीचा गण. मग कृष्ण, पेंद्या, मावशी आणि गौळणी यांची गवळण. त्यानंतर सरदार व सोंगाड्या यांची बतावणी. आणि शेवटीं वग, म्हणजे सबंध नाट्य. मागें तुणतुणें, झांज, हलगी आणि झीलकऱ्यांचे चढे सूर. हा साचा सर्वांना ठाऊक असल्यामुळें पाहणाऱ्याचें लक्ष साच्यावर राहात नाहीं. त्यांत यंदा काय भरलें आहे याकडे तें जातें. बतावणी तर प्रत्येक रात्रीं नवी घडते. सोंगाड्या त्या गांवांत दिवसा कानांवर पडलेली भानगड रात्रीं बोर्डावर आणतो. पुष्कळ वग छापले गेले नाहींत. ते कलावंतांच्या पाठांतरांत राहिले. म्हणून ज्यानें एकच वग वीस वेळां ऐकला, त्याला तो वीस रूपांनीं ठाऊक असतो. सांगली जिल्ह्यांतील कवलापूरच्या काळू-बाळू या जुळ्या भावांनीं 'जहरी प्याला' या वगांत दोन हवालदार उभे केले. त्या भावांचीं खरीं नांवें लहू आणि अंकुश खाडे. परंतु लोकांच्या तोंडीं तीं सोंगांचींच नांवें राहिलीं. अमक्या सालीं तमक्या गांवीं त्यांपैकीं कोणता भाऊ कोठें अडखळला आणि दुसऱ्यानें त्याला कसें सावरून घेतलें, हें कोणत्याहि ग्रंथांत सांपडणार नाहीं. एखाद्या गांवच्या पारावर मात्र सांपडूं शकेल.

रात्रीचा खेळ संपला म्हणजे शौकिनाची हौस संपत नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं हजेरी असते. रात्रीं झगमगाटांत पाहिलेलीं माणसें उन्हांत, गांवाच्या मध्यभागीं, चारदोन हातांवर उभीं राहून गातात. दुपारीं कुस्त्यांचा आखाडा भरावयाचा असतो, त्यापूर्वींचे हे तासदोन तास. फर्माइशी होतात, बक्षिसें पुकारलीं जातात. खरा शौकीन रात्रीं लांब बसला तरी हजेरीला पुढें बसतो. कारण उन्हांत आवाजाला आणि तालाला कसलाच आडोसा राहात नाहीं.

फडाचीं नांवें हा या निष्ठेचा दुसरा मोठा विषय. 'रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर', 'मंगला बनसोडे सह नितीनकुमार बनसोडे' अशीं तीं लांबलचक नांवें नवख्यास विचित्र वाटतात. परंतु त्यांतील 'सह' या दोन अक्षरांत सबंध इतिहास भरलेला आहे. नारायणगांवच्या नारायण खुडे यांनीं फड उभा केला. त्यांच्या मुलांच्या काळीं तो भाऊ-बापू मांग नारायणगांवकर या नांवानें गाजला. त्याच फडांत विठाबाई (१९३५–२००२) वाढल्या. विठाबाईंच्या मुलींनीं पुढें आपापले फड काढले; मंगला बनसोडे यांच्या फडांत त्यांचा मुलगा नितीनकुमार उभा राहिला. आज्यानें भाऊ-बापूंचा खेळ पाहिला, बापानें विठाबाईंचा, मुलानें मंगलाबाईंचा. तरी तिघेहि 'आपला फड' असेंच म्हणतात. मूळचा एकहि मनुष्य उरला नाहीं तर फड तोच कसा, असा तर्कशास्त्राचा प्रश्न कोणी काढील. पारावर त्याचें उत्तर तयार असतें: आडाला दर पावसाळ्यांत नवें पाणी येतें, म्हणून आड नवा होत नाहीं. फडांत फूट पडली म्हणजे मात्र गांवांतहि फूट पडते. एक आळी आईच्या बाजूची, दुसरी लेकीच्या बाजूची. आणि दोन्ही आळ्यांत मूळ फडाचे खरे वारस आपणच आहों असा दावा सांगणारे लोक निघतात.

ज्या भागांत ऐकणारे इतके जाणते, तेथें लिहिणारेहि निपजतात. शिरूर तालुक्यांतील कवठें येमाई येथील बशीर मोमीन कवठेकर (१९४७–२०२१) यांनीं फडांसाठीं गण, गवळणी, बतावण्या आणि वग लिहिले. मुसलमान घरांत जन्मलेल्या या कवीनें गणपतीला आवाहन करावें आणि कृष्णाच्या खोड्या वर्णाव्या, यांत त्या गांवांना कधीं नवल वाटलें नाहीं. २०१८ सालचा विठाबाई नारायणगांवकर जीवनगौरव पुरस्कार राज्य शासनानें त्यांना दिला.

दौंडच्या बाजूचा शौकीन थोडा निराळ्या वळणाचा आहे. चौफुला येथें संगीत-बारीचें थिएटर आहे. येथें वग नाहीं. पार्ट्या आळीपाळीनें बोर्डावर येऊन लावणी सादर करितात, आणि या पाळीलाच बारी म्हणतात. फडाचा शौकीन कथेमागें जातो, बारीचा शौकीन सुरामागें आणि अदेमागें. भीमेच्या उत्तरेचा मनुष्य दक्षिणेकडच्यास म्हणतो, तुम्हांला वगाचें धैर्य नाहीं. दक्षिणेकडचा उत्तर देतो, तुम्हांला लावणीचा कान नाहीं. हा वाद मिटावा अशी दोघांपैकीं कोणाचीहि इच्छा दिसत नाहीं.

येथवर या निष्ठेची उजळ बाजू झाली. दुसरी बाजू सांगितल्यावांचून हें वर्णन खरें होणार नाहीं. तमाशा उभा केला तो मुख्यतः मांग, महार, कोल्हाटी अशा जातींतील कलावंतांनीं. ज्या गांवानें रात्रीं शिट्ट्यांनीं आभाळ डोक्यावर घेतलें, त्याच गांवानें सकाळीं त्या कलावंतास पाणी वरून ओतून पाजलें, असा एक काळ होता. स्त्री-कलावंताच्या गाण्यावर जीव ओवाळणारा मनुष्य तिला आपल्या घराच्या उंबरठ्याच्या आंत येऊं देईना. स्वातंत्र्याच्या आरंभींच्या काळांत मुंबई सरकारनें अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली, ती पुढें उठली. परंतु सुशिक्षित घरांनीं मनांत घातलेली बंदी अधिक टिकाऊ ठरली. त्या घरांना तमाशा पुष्कळ अंशीं १९७२ सालच्या 'पिंजरा' या चित्रपटामुळें परिचित झाला, आणि तोहि मास्तराच्या अधःपाताच्या गोष्टींतून.

विठाबाईंची एक हकीकत शौकीन मंडळी फार अभिमानानें सांगतात. दिवस भरलेले असतांना त्या बोर्डावर नाचत होत्या. मध्येंच पडद्यामागें जाऊन प्रसूत झाल्या आणि पुन्हां पुढें येऊन उभ्या राहिल्या. ही गोष्ट सांगतांना सांगणाऱ्याचा आवाज चढतो. कलेवरची निष्ठा ती हीच, असें त्याला दाखवावयाचें असतें. परंतु या हकीकतीचा शेवट कांहीं जण गाळतात. बाईंचें पोट दिसत नाहीं हें ध्यानांत येतांच प्रेक्षकांनींच चौकशी करून खेळ थांबवावयास लावला व त्यांना विश्रांति घेण्यास सांगितलें, असा तो शेवट आहे. सबंध हकीकतींत शौकिनांनीं अभिमान बाळगावा अशी जागा खरोखर तीच. पैसे मोजून आलेल्या लोकांनीं आपली रात्र सोडून दिली, आणि समोर नाचणारी बाई हीहि कोणाची तरी लेक आहे हें त्या क्षणीं ओळखलें. दुर्दैवानें ही ओळख पुढें टिकली नाहीं. १९५७ व १९९० सालीं राष्ट्रपतींच्या हस्तें गौरविलेल्या या कलावतीचीं अखेरचीं वर्षें हलाखींत गेलीं. तिच्या नांवाचा पुरस्कार शासनानें सुरू केला तो तिच्या मृत्यूनंतर.

मार्च २०२० मध्यें साथीमुळें जत्रा बंद झाल्या, आणि फडांचे लागोपाठ दोन हंगाम बुडाले. ढोलकी वाजविणारे हात मजुरीला लागले. २०२१ सालीं कांताबाई सातारकर निवर्तल्या. जत्रा पुन्हां भरूं लागल्या तेव्हां गांवच्या बैठकींत जुनाच वाद नव्या जोरानें उभा राहिला. तरुण म्हणतात, ऑर्केस्ट्रा आणूं. गाणीं ओळखीचीं असतात, लवकर उरकतें. वृद्ध म्हणतात, तमाशा नाहीं तर जत्रा कसली? तरुणांचा आक्षेप अगदींच पोकळ नाहीं; फडांनींहि वगाची कात्री करून चित्रपटांतील गाण्यांचा भरणा वाढविला आहे, आणि जें मोबाइलवर फुकट दिसतें त्यासाठीं रात्र कोण जागवील? परंतु वृद्धांच्या आग्रहांतहि नुसता हट्ट नाहीं. सुपारी गेली नाहीं तर फड निघत नाहीं. फड निघाला नाहीं तर पाठांतर मोडतें. आणि पाठांतर मोडलें म्हणजे न छापलेला वग कायमचा जातो. गांवच्या वर्गणीच्या वहींतील तेवढी एक ओळ, हाच या कलेचा पुष्कळ काळचा राजाश्रय आहे.

निष्ठा म्हणजे केवळ 'आमच्या वेळीं असें नव्हतें' म्हणून उसासे टाकणें नव्हे. कलावंताच्या नांवासाठीं भांडणाऱ्यानें त्याच्या भाकरीचीहि चौकशी केली पाहिजे. रात्रीं बक्षीस पुकारणाऱ्यानें सकाळीं त्याला आपल्या ओसरीवर बसवून चहा दिला पाहिजे. शिरूर-दौंडच्या कित्येक घरांत ही जाणीव आतां उगवली आहे, कित्येकांत अजून उगवावयाची आहे. शहरांतील श्रोत्यांनाहि तींत वाटा घेतां येण्यासारखा आहे. चैत्रांत नारायणगांवास राहुट्या पडतात तेव्हां वाट लांबची नसते. तेथें एखाद्या राहुटीच्या दाराशीं उभा राहून कोणी वृद्ध मनुष्य ढोलकीची चौकशी करीत असेल. त्याच्या शेजारीं घटकाभर बसलें तर जें कोठेंहि लिहिलेलें नाहीं असें पुष्कळ ऐकावयास मिळेल. आणि ऐकणाऱ्यास वाटलेंच, तर तें लिहूनहि ठेवितां येईल.