पैसा दर्शनी भागाला, ऊन छताला

(आर्णी येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



घर देखणं, सुखाचं आणि सुरक्षित कसं करावं, असा विषय तुम्ही मला दिलात. घरांचे नकाशे काढण्यात आणि बांधकामावर उभं राहण्यात माझं आयुष्य गेलं, म्हणून एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. आपल्याकडे घराला पैसा कमी पडतो हे खरं. पण जो असतो तो आपण उलट्या क्रमानं खर्च करतो. महामार्गाच्या दोन्ही बाजूंना पाहा, किंवा जवळा, लोणबेहळ, सावळी सदोबा या गावांत जा. समोरच्या भिंतीला चकचकीत टाइल्स, स्टीलची रेलिंग, भारदस्त गेट. मागे गेलात तर प्लास्टर नाही, न्हाणीचं पाणी भिंतीशी मुरतंय, आणि छतावर उघडा स्लॅब. मिस्त्रीही सांगतो, "साहेब, समोरून दिसते थे पयले करू, मागचं मंग पाहू." ते 'मंग' काही येत नाही.

आता ऊन काय करतं ते बघू. आर्णी साधारण २० अक्षांशावर आहे. त्यामुळे २० मेच्या आसपास भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि अंगणात रोवलेल्या खांबाची सावली पडत नाही. पाठोपाठ २५ मेच्या सुमारास नवतपा लागतो आणि पारा ४४-४५ अंशांना भिडतो. म्हणजे वर्षातलं सगळ्यात कडक ऊन तुमच्या टाइल्स लावलेल्या भिंतीवर पडतच नाही, ते सरळ छतावर पडतं. चार-पाच इंचांचा काँक्रीटचा स्लॅब ते दिवसभर साठवतो आणि रात्रभर खाली सोडतो. रात्री दीड वाजता तुम्ही पंखा वाढवता, तेव्हा तो स्लॅबखालची तापलेली हवाच तुमच्या अंगावर ढकलत असतो. टिनाचं याच्या उलट: दिवसा असह्य, पण रात्री लवकर निवतं.

मग जुनं घर थंड कसं राहायचं? कवेलूंच्या फटींतून वरची गरम हवा निघून जायची. खाली माळा असायचा, त्यावर अडगळ, पोती, वैरण. म्हणजे छत आणि माणूस यांच्यात एक जाड थर आपोआप तयार व्हायचा. शिवाय मातीची रुंद भिंत आणि समोर ओसरी. मी जुन्याचा भक्त नाही. दर वर्षी पावसाळ्याआधी कवेलू फेरावे लागत, वानरांची टोळी एका दुपारी निम्मं छप्पर फोडून जाई, आणि फेरणारा माणूस आता मिळत नाही. तेव्हा पुन्हा कवेलूंची घरं बांधा असं मी म्हणत नाही. कवेलू जे काम करत होते, ते स्लॅबकडून करून घ्या, एवढंच सांगतो.

त्याला फार पैसा लागत नाही. स्लॅब झाडून धुऊन घ्या आणि कळीच्या चुन्याचे दोन हात द्या. पांढरा रंग ऊन परतवतो. पावसात चुना धुपतो, म्हणून हे दर उन्हाळ्याला करायचं. पूर्वी भिंती दर दिवाळीला पोतल्या जात, तसंच. ऐपत असेल तर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी बसवा, ती वर्षानुवर्षं टिकते. स्लॅबवर हात-दोन हात उंच हिरवी जाळी ताणा किंवा तुराट्यांचा मांडव घाला. त्यावर दोडक्याचा वेल चढला तर भाजीचीही सोय. टिनाचं घर असेल तर टिनाखाली वीतभर जागा सोडून बुरडाकडचा बांबूचा तट्टा लावा आणि वरच्या कोपऱ्यांतून हवा निघायला वाट ठेवा. मधल्या पोकळीतली हवा उष्णता खाली येऊ देत नाही. वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्रानं याच तत्त्वावर कुंभाराच्या चाकावर घडवलेल्या पोकळ शंकूंची कमानदार छतं बांधली. लाकूड नाही, आणि प्रत्येक शंकूच्या पोटात हवेचा थर.

कूलरबद्दल बोललं नाही तर विदर्भातलं व्याख्यान पुरं होणार नाही. पुष्कळ घरांत कूलर लावून दारं-खिडक्या गच्च बंद करतात आणि मग "चिकचिक होते" म्हणून तक्रार करतात. कूलर म्हणजे एसी नव्हे. तो बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांतून ओढतो. ती हवा आत आली की तेवढीच बाहेर जायला हवी, म्हणून कूलरच्या समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा. हवा खेळेल आणि चिकचिक कमी होईल. पाऊस सुरू झाला की हवाच दमट होते, तेव्हा कूलर निरुपयोगी. त्या दिवसांत समोरासमोरच्या खिडक्यांचाच आधार. म्हणून नकाशा काढतानाच प्रत्येक खोलीला दोन बाजूंनी हवा ठेवा. पश्चिमेच्या भिंतीला कडुनिंब किंवा पडवी द्या. दुपारी तीननंतरचा मारा त्याच भिंतीवर असतो.

सुखाचं घर पाहायचं असेल तर सेवाग्रामला जाऊन या. १९३६ मध्ये गांधीजी तिथे राहायला गेले, तेव्हा त्या गावाचं नाव शेगाव होतं. आज जिला आपण बापूकुटी म्हणतो, ती आधी त्यांच्या शिष्या मीराबेन यांची झोपडी. मातीच्या भिंती, बांबू, कवेलू आणि पडवी. मे महिन्यात आत पाऊल टाकलं की फरक अंगाला कळतो. भिंतीकडेही नीट पाहा. मीराबेन यांनी त्याच मातीतून झाडं आणि ॐ उठावात काढले आहेत. देखणेपणासाठी बाहेरून काही आणलेलं नाही. पुढे लॉरी बेकर हे इंग्रज वास्तुविशारद गांधीजींना भेटले. आदर्श खेड्यातल्या घराचं सगळं सामान पाच मैलांच्या आतलं असावं, हे गांधीजींचं म्हणणं बेकर आयुष्यभर सांगत राहिले आणि केरळात त्यांनी तशा स्वस्त, थंड इमारती उभ्या केल्या.

पण माती म्हटली की किल्लारी आठवायलाच हवी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे माणसं मेली ती जितकी भूकंपानं, तितकीच आपल्याच घरांखाली सापडून. दगड-मातीच्या रुंद भिंती, आतला आणि बाहेरचा थर एकमेकांना न बांधलेला, आणि वर माळवदाचं ओझं. भिंतीच्या आरपार जाणारे दगड आणि चारी भिंतींना कवळणारा एक पट्टा असता, तर कितीतरी घरं उभी राहिली असती. दोष मातीचा नव्हता, बांधणीचा होता. सिमेंटच्या घरालाही हे लागू आहे.

आपली जमीन काळी, कापसाची. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. भेगांत हात जाईल इतकी फाटते. त्या फुगण्या-आकसण्यावर घर ठेवलं की खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर निघते. दर वर्षी लांबी भरून रंग देता आणि दर वर्षी चीर परत येते, कारण दुखणं रंगाचं नसतं, पायाचं असतं. म्हणून मुरूम लागेपर्यंत खोदा. खोली फार जात असेल तर इंजिनिअरला विचारून खाली फुगा असलेले खांब घ्या. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं ही पद्धत काळ्या जमिनीसाठीच रूढ केली. प्लिंथला बीम द्या. घर झालेलं असेल तर निदान एवढं करा: भिंतीला लागून चहूबाजूंनी तीन-चार फूट पक्का उतार, पन्हाळीचं आणि न्हाणीचं पाणी पायापासून लांब. आणि अरुणावतीच्या काठच्या मंडळींनो, जोत्याची उंची शेजाऱ्याच्या घराकडे पाहून ठरवू नका, जुन्या पुराच्या खुणेकडे पाहून ठरवा. जुलै २०२३ मध्ये शेजारच्या महागाव तालुक्यात आनंदनगर तांड्याला पाण्यानं वेढलं, तेव्हा हवाई दलाची हेलिकॉप्टरं मागवावी लागली होती.

आता सुरक्षितता. हा शब्द उच्चारला की लोक सीसीटीव्ही आणि ग्रिल म्हणतात. जरूर लावा. पण चोर आला तर वर्षा-दोन वर्षांत एखादा येईल. रोज घरात असणारे धोके निराळेच आहेत.

पहिला धोका कूलरच. दर उन्हाळ्यात विदर्भात ओल्या पायांनी, ओल्या हातांनी कूलरमध्ये पाणी भरताना माणसं शॉक लागून जातात. पत्र्याच्या कूलरला अर्थिंग हवं. तीन पिनचा प्लग भोकात बसत नाही म्हणून तिसरी पिन कापू नका. ती पिन म्हणजे तुमचा जीव आहे. मीटरजवळ ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा, गळती झाली की तो क्षणात वीज तोडतो. आणि पाणी भरण्याआधी प्लग काढा, नुसतं बटण बंद करू नका.

दुसरा धोका कापूस. भाव वाढेल म्हणून आपण घरातली सगळ्यात चांगली खोली कापसाला देतो. लेकरं त्यावर लोळतात, अंगाला खाज सुटते, आणि वरून लोंबणारी एक सैल वायर पुरेशी असते. कापूस ठेवायचाच असेल तर त्या खोलीतलं वायरिंग आधी नीट करा, देवाचा दिवा दुसरीकडे हलवा, आणि खिडक्यांना ग्रिल असेल तर घरातली एक तरी खिडकी आतून उघडणारी ठेवा. चोराला अडवणारं ग्रिल आगीच्या वेळी घरच्यांनाही अडवतं.

तिसरा साप. पऱ्हाट्यांची गंजी भिंतीला लावून रचली की उंदीर येतात, उंदरांमागे साप येतो. मण्यार रात्री हिंडतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. चावा फारसा दुखत नाही, झोपेत कळतही नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, तोवर उशीर झालेला असतो. उपाय साधा आहे. पऱ्हाट्या घरापासून दूर, दाराखालची फट बंद, झोपायला खाट आणि गादीखाली खोचलेली मच्छरदाणी. आणि चावला तर मांत्रिक नाही, सरळ दवाखाना. प्रतिविष तिथेच मिळतं.

चौथी गोष्ट भिंतीत नाही, पेटीत आहे. घराची आखीव पत्रिका कुणाच्या नावावर आहे? नमुना ८ वर कुणाचं नाव आहे? आपल्या जिल्ह्यात किती घरांतला कर्ता शेतकरी अकाली गेला, हे मी आर्णीत सांगायला नको. त्यानंतर त्या बाईला वारसनोंदीसाठी किती उंबरठे झिजवावे लागतात, तेही तुम्ही पाहिलं आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या नियमात घरकुल बाईच्या किंवा नवरा-बायको दोघांच्या नावानं देण्यावर भर आहे, तो उगाच नाही. स्वतःच्या पैशानं घर बांधणाऱ्यांनी तेच करावं. ज्या बाईचं नाव कागदावर आहे, तिला घराबाहेर काढणं सोपं नसतं. माझ्या मते त्याहून मजबूत कुलूप बाजारात मिळत नाही.

घरकुलवाल्यांना वेगळं सांगतो. २६९ चौरस फुटांचं किमान घर आणि सपाट भागात १ लाख २० हजारांचं मूळ अनुदान, यात क्रम चुकवणं परवडत नाही. दर्शनी कमान नको. दारापुढे ओटा ठेवा आणि त्यावर मांडव घाला. पाहुणा, म्हातारं माणूस, अभ्यास करणारं पोर, सगळ्यांना ती एक खोली वाढल्यासारखी होते.

आणि देखणेपण? ते मी शेवटी ठेवलं, कमी लेखलं म्हणून नाही. पांढरं छत, निंबाची सावली, कोरडं जोतं, पाटी-दप्तर घेऊन बसता येईल अशी ओसरी, तेलपाणी केलेलं सागाचं जुनं दार, गेरूचा काठ, सकाळची रांगोळी: एवढं जिथे आहे ते घर कुठल्याही टाइल्सवाल्या घरापुढे उठून दिसतं. आपल्या जिल्ह्यातल्या तांड्यांवरच्या बाया कापडावर आरसे जडवून जे रंग उभे करतात, त्यातलं एक तोरण दाराला लावा. कॅटलॉगमधल्या टाइलपेक्षा ते आर्णीच्या घराला जास्त शोभतं.

तेव्हा पुढच्या वेळी पैसा हाती आला की क्रम असा ठेवा: आधी छत, मग पाया आणि पाणी, मग वीज, मग कागद, आणि उरलं तर गेट. ज्यांचं घर बांधून झालं आहे, त्यांनी नवतप्याआधी दोन दिवस काढावेत. एक स्लॅबला चुना देण्यासाठी, आणि दुसरा इलेक्ट्रिशियनला बोलावून कूलरचं अर्थिंग तपासण्यासाठी.