जुन्या सर्व्हरची पुन्हा उभारणी
(सुरत येथे मराठीभाषक तरुण संगणक-कर्मचाऱ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



प्रसिद्धी खात्यातील एक कलाशाखेचा पदवीधर लिनक्सवर वेब सर्व्हर कसा बसवावा हे सांगावयास उभा राहतो, ह्याचे आपणांस नवल वाटले असेल. परंतु ज्या कार्यालयात तंत्रज्ञाचे पद रिक्त असते, तेथे यंत्राचे काम ज्याचा मजकूर त्याच्याकडे येते. तसे ते माझ्याकडे आले आणि माझ्याकडेच राहिले.

आपणांपैकी अनेकांची कुटुंबे जळगाव, धुळे, नंदुरबारकडून इथे आली आणि मागावर स्थिरावली. म्हणून मागाचेच उदाहरण घेतो. जुन्या जॅकार्डवर नक्षी असे ती भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेत. इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड आले की ती माळ त्यावर चढत नाही. मग नक्षी नव्याने उतरवून घ्यावी, नाहीतर जुने यंत्र चालते ठेवावे. जुन्या सर्व्हरचा प्रश्न नेमका हाच आहे.

एका कार्यालयात घडलेली गोष्ट सांगतो. तेथे पुनर्वसनाच्या याद्या संकेतस्थळावर मांडल्या होत्या. पुढे संकेतस्थळ नवे झाले. ठेकेदाराने त्याला महत्त्वाचे वाटले तेवढे हलविले आणि जुना संगणक कपाटामागे गेला. काही वर्षांनी एक वयोवृद्ध शेतकरी जमिनीच्या दाव्यासाठी यादीतील आपल्या नावाची प्रत मागत आले. कागदी यादी वाळवीने खाल्ली होती. संगणकातील माहिती मात्र शाबूत होती. पण ती जुळवून पान तयार करणारे मोड्यूल ॲपाची १.३ ह्या सर्व्हरसाठी लिहिलेले होते आणि नव्या सर्व्हरवर ते चढतच नव्हते. तो जुना सर्व्हर नव्या लिनक्सवर उभा करण्यात आठवडा गेला. आठव्या दिवशी प्रत त्यांच्या हाती पडली. तारखेला दोन दिवस उरले होते.

ॲपाचीचा जन्म १९९५ सालचा. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए ह्या केंद्रात रॉब मॅककूल ह्यांनी एक सर्व्हर लिहिला होता. ते तेथून गेल्यावर निरनिराळ्या ठिकाणी तो वापरणाऱ्यांनी आपापल्या दुरुस्त्या एकत्र केल्या आणि त्यातून ॲपाची उभा राहिला. १.३ ही आवृत्ती १९९८ मध्ये आली व तिचा शेवटचा अंक, १.३.४२, फेब्रुवारी २०१० मध्ये. त्यानंतर तिची नवी अधिकृत आवृत्ती निघालेली नाही, हे ध्यानात ठेवूनच पुढचे पाऊल टाकावयाचे.

प्रथम एक प्रश्न स्वतःस विचारावा : जुना सर्व्हर खरोखरच हवा आहे काय? पाने तयार लिहिलेली असतील, तर त्यांची नक्कल काढून ती आजच्या २.४ आवृत्तीखाली ठेवावीत आणि विषय संपवावा. जुन्याच्या प्रेमापोटी जुने यंत्र चालविणे हा शौक झाला, शासकीय काम नव्हे. पाने एखादे जुने मोड्यूल घडवीत असेल तरच उभारणीस हात घालावा.

मूळ संहिता ॲपाची प्रतिष्ठानच्या अभिलेखागारात आजही मिळते. ती कोणा परिचिताच्या पेन ड्राइव्हवरून घेऊ नये. अभिलेखागारातून घेऊन सोबतची स्वाक्षरी पडताळून पाहावी. गठ्ठा उलगडल्यावर ‘कॉन्फिगर’ चालवावे, त्यात कोठे बसवावयाचे तो मार्ग द्यावा आणि मोड्यूल मागाहून जोडण्याची सोय चालू करावी. त्यानंतर ‘मेक’. येथे आजच्या लिनक्सवर काम बहुधा अडते. कॉम्पायलर तक्रार करतो, की ‘गेटलाइन’ ह्या नावाचे दोन भिन्न अर्थ लागत आहेत. कारण साधे आहे. ॲपाचीच्या साहाय्यक प्रोग्रामांत ह्या नावाचे घरचे फंक्शन होते. पुढे लिनक्सच्या ग्रंथालयाने त्याच नावाचे फंक्शन सर्वांसाठी खुले केले. एका वाड्यात एकाच नावाचे दोन बिऱ्हाडकरू आले, की टपालवाल्याचे जे होते तेच इथे होते. ‘सपोर्ट’ ह्या पोटविभागातील संहितेत त्या फंक्शनचे नाव सर्वत्र बदलावे. काम पुढे सरकते. त्यानंतर ‘मेक इन्स्टॉल’, आणि शेवटी आपले जुने मोड्यूल ‘एपीएक्सएस’ ह्या साधनाने नव्याने बांधून जोडावे.

आता रचना. ‘एचटीटीपीडी डॉट कॉन्फ’ ह्या फाइलीत सर्व आज्ञा असतात. तीत पाने कोठे आहेत हे ‘डॉक्युमेंटरूट’ सांगते, ते बरोबर करावे. सर्वांत महत्त्वाची ओळ मात्र ‘लिसन’ची. तेथे १२७.०.०.१ हा पत्ता व ८०८० हे पोर्ट लिहावे. ह्याचा अर्थ असा, की हा सर्व्हर फक्त त्याच संगणकाच्या आतून येणारी हाक ऐकेल, बाहेरच्या जगाची नाही. पोर्ट १०२४ च्या वरचे असल्याने रूटचा अधिकारही लागत नाही; वेगळा साधा वापरकर्ता निर्माण करून त्याच्या नावे सर्व्हर सुरू करावा. बाहेरच्या दारावर ॲपाची २.४ बसवावा व त्यास ‘प्रॉक्सीपास’ने सांगावे, की जुन्या याद्यांची मागणी आली तर तेवढीच आत पोचवावी. सुरक्षित जोडणीही तोच सांभाळतो. म्हाताऱ्याच्या अंगावर ते ओझे टाकू नये. नोंदवहीत मग प्रत्येक अभ्यागताचा पत्ता १२७.०.०.१ असाच दिसतो. त्याने घाबरून जाऊ नये. खरे पत्ते पुढच्या दारावरील नोंदवहीत असतात.

एवढे झाल्यावर पान उघडते आणि मराठीच्या जागी प्रश्नचिन्हे दिसतात. त्या काळी युनिकोड आपल्या कार्यालयांत रुळले नव्हते. मराठी अक्षरे ही वस्तुतः इंग्रजी चिन्हांच्या जागी बसविलेली चित्रे होती आणि तो विशिष्ट फॉन्ट वाचकाच्या संगणकात असेल तरच ती दिसत. पानासोबत फॉन्ट पाठविण्याची एक पद्धत होती, पण ती इंटरनेट एक्स्प्लोररपुरती. त्या ब्राउझरला जून २०२२ मध्ये निवृत्ती मिळाली. सर्व्हरने ‘हे पान युटीएफ-८ आहे’ असे सांगितले की ब्राउझर तेच खरे मानतो आणि चिन्हांची दाणादाण उडते. म्हणून ‘ॲडडिफॉल्टकॅरसेट’ ही आज्ञा दोन्ही सर्व्हरांवर बंद करावी, मूळ फॉन्ट शोधून संगणकात घालावा, आणि सवड मिळेल तसा मजकूर युनिकोडमध्ये उतरवून घ्यावा. हे काम कंटाळवाणे आहे आणि जोडाक्षरांत चुका राहतात. मराठी नीट वाचता येणारा माणूस शेजारी बसविल्याशिवाय ते करू नये.

ह्याच सुरतेत सतराव्या शतकात भीमजी पारेख नावाचे व्यापारी होते. आपल्याकडील जुने ग्रंथ छापावेत म्हणून त्यांनी इंग्रजांच्या कंपनीकडे छापखाना मागितला. १६७४ मध्ये इंग्लंडहून मुद्रक मुंबईत आला, पण त्यास इंग्रजी छपाई येत होती, आपल्या लिपीचे खिळे पाडता येत नव्हते. यंत्र आले आणि अक्षर अडले. फॉन्टच्या फायली चाळताना मला भीमजींची अनेकदा आठवण होते.

शेवटी दोन व्यवहाराच्या गोष्टी. ‘कॉन्फिगर’ला दिलेले पर्याय ‘कॉन्फिग डॉट स्टेटस’ ह्या फाइलीत राहतात. ती फाइल, बदललेली संहिता आणि मोड्यूल एकत्र जपावे. दुसरी प्रत त्याच इमारतीत ठेवू नये. ऑगस्ट २००६ मध्ये तापीचे पाणी ह्या शहरात कोठवर चढले होते, ते आपण माझ्यापेक्षा अधिक जाणता.

शेजारच्या खोलीत एक संगणक मांडून ठेवला आहे. त्यावरील सर्व्हर ‘गेटलाइन’पाशी मुद्दाम अडवून ठेवला आहे. चहानंतर तेथून पुढे सुरुवात करू.